पावलांचा हिशेब



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "जेरी राइस." पलीकडे जरा वेळ शांतता. मग अगदी अदबीनं प्रश्न आला, "म्हणजे तांदळाबद्दल बोलणार का?" मी म्हटलं, नाही हो, अमेरिकन फुटबॉलमधला खेळाडू आहे. त्यावर ते म्हणाले, "मग पत्रिकेत फुटबॉल नको छापायला. लोक मेस्सीच्या आशेनं येतील." शेवटी पत्रिकेत 'एका खेळाडूची गोष्ट' असं कुणाची फसवणूक होणार नाही असं काहीतरी छापलं गेलं. तुम्ही तरीही आलात, याबद्दल आभार.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हाला खो-खो शिकवायचे, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्यांना त्यांचा आवाज तरी आठवत असेल. सरांची चेंडूच्या खेळांबद्दल एक तक्रार होती. ते म्हणायचे, "चेंडू आला की लोक चेंडूच बघतात, माणूस बघायचा राहून जातो." शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा सामना रंगात आलेला असायचा आणि सर भलत्याच बाजूला तोंड करून उभे असायचे. काय बघताय विचारलं, तर म्हणायचे, "त्या पलीकडच्या पोराचे पाय बघ. चेंडू त्याच्याकडे येणार नाही हे त्याला माहीत आहे. तरी कसा उभा आहे!"

पुढं नोकरीनिमित्त मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या बाजूला गेलो आणि तिथे बरीच वर्षं काढली. त्या भागाचा संघ सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. १८४९ साली सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात धावलेल्या लोकांवरून पडलेलं हे नाव. सोमवारी ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी कालच्या सामन्याशिवाय दुसरा विषय नसे आणि मी आपला हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलवत उभा. तो खेळ कळायला मला दोन हंगाम लागले. कळला तेव्हा लक्षात आलं की मी सरांसारखा बघतोय. चेंडू सोडून ८० क्रमांकाच्या माणसाचे, जेरी राइसचे, पाय बघतोय.

खेळ थोडक्यात सांगतो. मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे साधारण ९१ मीटर. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघानं चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकायचं. सरकला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्याला. सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, ६ गुण. चेंडू पुढं न्यायच्या दोन वाटा. एक म्हणजे पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं. दुसरी म्हणजे क्वार्टरबॅकनं चेंडू हवेतून फेकायचा आणि पुढं पळत गेलेल्या कुणीतरी तो झेलायचा. हा पुढं पळत जाणारा म्हणजे वाइड रिसीव्हर. गर्दीपासून दूर, मैदानाच्या कडेला तो उभा राहतो. त्याच्यासमोर कॉर्नरबॅक नावाचा एक पहारेकरी असतो, ज्याचं सगळं आयुष्य या एका माणसाला मोकळा न सोडण्यात जातं.

ही दुसरी वाट या खेळात सुरुवातीपासून नव्हती. चेंडू पुढं फेकणं १९०६ पर्यंत नियमबाह्य होतं. त्याआधी नुसती धक्काबुक्की चाले आणि त्यात मुलं मरत. ते थांबवण्यासाठी जे बदल झाले, त्यातला हा एक. ग्रीन बे पॅकर्सचा डॉन हटसन १९३५ ते १९४५ या काळात खेळला. रिसीव्हरची कला त्याच्यापासून सुरू झाली असं मानतात. त्यानं झेललेल्या ९९ टचडाउनचा विक्रम १९८९ पर्यंत टिकला. आणखी एक तारीख हवी ती १९७८ ची. त्या वर्षापासून पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला ढकलायला, अडवायला बंदी आली. पाच यार्डांपुढं त्याची वाट कायद्यानं मोकळी झाली. जेरी राइस त्यानंतर सात वर्षांनी आला. माणूस थोर खराच, पण वेळेवर जन्मलेलाही होता, हे विसरू नये.

आता त्याची दंतकथा. अमेरिकेत कुणालाही जेरी राइसबद्दल विचारा, तो पहिल्यांदा विटा सांगेल.

राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ चा, मिसिसिपी राज्यातला. आठ भावंडांतला तो सहावा. क्रॉफर्ड नावाच्या छोट्या गावात तो वाढला. वडील गवंडी. उन्हाळ्यात मुलं वडिलांच्या हाताखाली कामाला. जेरी परांचीवर उभा राही, खालून भाऊ विटा फेकत आणि हा त्या वरच्यावर झेले. एकदम दोन, तीन, कधी चार. पुढं त्यानं चेंडू झेलण्यात जगात नाव काढलं, तेव्हा वार्ताहरांना ही गोष्ट आयतीच सापडली. विटा झेलणारे हात! इतकी घोटीव गोष्ट हाती लागल्यावर ती कोण सोडेल? आपल्याकडे एक देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. तिकडच्यांना विटा झेलणारा मिळाला, तर त्यांनीही त्याची भक्ती का करू नये?

माझी तक्रार एवढीच आहे की ही गोष्ट हातांची आहे आणि राइसची कारकीर्द पायांची आहे.

त्याच काळातली दुसरी गोष्ट लोक कमी सांगतात. तो शाळेत असताना एकदा तास बुडवून बाहेर रेंगाळत होता. मागून उपमुख्याध्यापक आले. त्यांची चाहूल लागताच पोरगा असा काही पळाला की शिक्षा तर पुढं व्हायची ती झालीच, पण त्याचा वेग फुटबॉलच्या प्रशिक्षकांच्या कानावर गेला. तिथून तो संघात आला. म्हणजे या माणसाचं या खेळातलं पहिलं पाऊल कुणालातरी घाबरून पडलेलं आहे. हे लक्षात ठेवा, मला पुढं याकडे परत यायचं आहे.

मोठ्या विद्यापीठांपैकी कुणी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो गेला इट्टा बेना या गावी, मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात. कापसाच्या शेतांचा तो सपाट मुलूख. हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं विद्यापीठ. मिसिसिपीतल्या गोऱ्या विद्यापीठांच्या संघांत काळ्या मुलांना दार उघडून तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती. त्यामुळं या छोट्या, गरीब विद्यापीठांमध्ये गुणवत्ता ओसंडून वाहत असे. शिकागोचा थोर धावक वॉल्टर पेटन याच राज्यातल्या जॅक्सन स्टेटचा. इट्टा बेनाला आर्ची कूली नावाचा एक हिकमती प्रशिक्षक होता. सगळं जग दोन रिसीव्हर लावत होतं तेव्हा हा चार-पाच लावायचा, कधी सगळे एकाच बाजूला एकामागोमाग उभे करायचा. समोरच्यांची गाळण उडे. चेंडू फेकायला विली टॉटन. १९८४ च्या हंगामात या संघानं सामन्यामागे सरासरी साठच्या आसपास गुण केले आणि राइसनं एकट्यानं २७ टचडाउन झेलले. पुढं तिथल्या मैदानाला राइस आणि टॉटन या दोघांचं मिळून नाव दिलं गेलं. फेकणारा आणि झेलणारा, दोघांचं. मला ते फार आवडतं.

त्याच हंगामात फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श ह्यूस्टनला सामन्यासाठी गेले होते. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर त्यांनी या मुलाची चित्रफीत पाहिली आणि तो त्यांच्या डोक्यातून जाईना. पण घड्याळ विरोधात होतं. या खेळात नवोदितांना ४० यार्ड पळायला लावून सेकंद मोजतात. राइसचा वेळ ४.६ ते ४.७ सेकंदांच्या घरातला सांगितला जातो. एवढ्या वरच्या पातळीच्या रिसीव्हरसाठी तो मंदच. १९८५ च्या निवडीत अल टून आणि एडी ब्राउन हे दोन रिसीव्हर त्याच्या आधी घेतले गेले. वॉल्शनी न्यू इंग्लंडच्या संघाशी सौदा करून आपला क्रमांक वर आणला आणि सोळाव्या क्रमांकावर राइसला उचललं. आधीच्या जानेवारीतच अजिंक्य ठरलेला संघ एका अपरिचित कॉलेजातल्या मुलासाठी एवढी किंमत मोजतोय, याचं अनेकांना नवल वाटलं.

वॉल्शना त्याच्यात काय दिसलं असेल? सरळ रेषेत पळणं आणि खेळात पळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खो-खो खेळलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शर्यतीत पहिला येणारा पोरगा खांबापाशी वळताना अडखळतो आणि तिथेच बाद होतो. राइस वळताना वेग कमी करत नसे. बहुतेक माणसं वळण्याआधी एक आखूड पाऊल टाकतात, खांदे किंचित उचलतात, कंबर सैल करतात. पहारेकरी त्याचीच वाट बघत असतो. राइसची पहिली चार-पाच पावलं प्रत्येक वेळी हुबेहूब तशीच. तो सरळ जाणार, आत कापणार, की थांबून मागं वळणार, काही पत्ता लागू द्यायचा नाही. आपल्याकडे ज्याला हूल म्हणतात, ती देण्यासाठी त्याला अंग हलवावं लागत नसे. काहीच न हलवणं हीच त्याची हूल.

आणि वॉल्शच्या पद्धतीला नेमकं हेच हवं होतं. त्यांची खेळाची रीत लांब फेकीची नव्हती. छोट्या, झटपट, आखीव फेकींची होती. क्वार्टरबॅक तीन पावलं मागं जातो आणि चेंडू सोडतो. तो कुठं सोडतो? जिथं कुणीच नसतं तिथं. रिसीव्हरनं अजून मान वळवलेलीसुद्धा नसते. त्यानं ठरलेली पावलं टाकून, ठरलेल्या कोनात वळून, ठरलेल्या क्षणी त्या रिकाम्या जागेत पोचायचं. चेंडू तिथं आधीच निघालेला असतो. एक पाऊल जास्त झालं तर चेंडू पाठीमागून जातो, एक कमी पडलं तर शत्रूच्या हातात. फोर्टीनायनर्सचा क्वार्टरबॅक जो मोंटाना डोळे मिटून फेकू शकायचा तो याच भरवशावर. लोक म्हणतात काय सुंदर झेल! झेल तर असणारच हो. चेंडू छातीवर आला होता. तिथं छाती होती कशी, ते विचारा.

आता जरा हिशेब करू. जेरी राइस २० हंगाम आणि ३०३ सामने खेळला. १,५४९ झेल. सामन्याला पाच पडले. एका सामन्यात त्याचा संघ साधारण साठ वेळा तरी चेंडू खेळवतो. म्हणजे पाच वेळा चेंडू आला, पन्नासहून अधिक वेळा आला नाही. त्या पन्नास वेळी तो काय करत होता? पळत होता. आपल्याकडे चेंडू येणार नाही हे माहीत असताना, येणार आहे अशा थाटात पळत होता. कधी धावणाऱ्या साथीदारासाठी कुणाला तरी अडवत होता. त्याच्या सगळ्या झेलांनी मिळवलेलं अंतर २२,८९५ यार्ड. किलोमीटरमध्ये जेमतेम एकवीस. अर्ध्या मॅरेथॉनला थोडं कमी! आपल्या गावातले हौशी लोक थंडीत एका सकाळी एवढं पळून येतात आणि नंतर मिसळ खातात. वीस वर्षांत एकवीस किलोमीटर, आणि तरी दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड त्याच्या ५,४०३ यार्ड मागं. बाकी जे पळणं झालं, ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही.

ते न लिहिलेलं पळणं कुठं झालं, ती जागा मी पाहिली आहे. रेडवुड सिटीजवळ एजवुड पार्क नावाचं डोंगराळ रान आहे. वसंतात तिथं रानफुलांचा सडा असतो, त्यासाठी लोक येतात. राइस आणि त्याचा साथीदार रॉजर क्रेग सुटीच्या मोसमात तिथं पळायचे. अडीच मैलांचा चढ. मी तो चालत चढलो आहे. निम्म्यावर एका दगडावर बसून पाणी पिताना शेजारून एक पेन्शनर बाई कुत्र्याला घेऊन पुढं गेल्या, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. त्या चढावर दुसऱ्या संघांतले खेळाडू राइसबरोबर सरावाला येत आणि काही जण परत येत नसत. सरावाच्या मैदानावरही त्याची एक खोड होती. सरावात चेंडू झेलला की बाकीचे दोन पावलं जाऊन परत फिरतात. हा प्रत्येक झेलानंतर थेट शेवटच्या रेषेपर्यंत पळत जायचा. प्रत्येक. प्रशिक्षकांनी सांगितलं म्हणून नाही.

हातांबद्दलची माझी शंका पहिल्याच हंगामानं रास्त ठरवली. १९८५ मध्ये विटा झेललेल्या त्याच हातांतून चेंडू निसटत राहिले. कँडलस्टिक पार्कवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. खाडीकाठचं ते मैदान, वाऱ्यानं आणि धुक्यानं बदनाम. पण वाऱ्याला दोष देऊन चालण्यासारखं नव्हतं. नव्या संघाच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात त्याचं डोकं अडकलं होतं. कुठं जायचं याचा विचार करत पळणारा माणूस झेलायचं विसरतो. पावलं मुरली तसे हात आपोआप परत आले. डिसेंबरात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध सोमवारी रात्री १० झेल आणि २४१ यार्ड. सामना हरले, पण त्या रात्रीनंतर हुर्यो बंद. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळं त्याच्या वाट्याला १२ च सामने आले, त्यांत २२ टचडाउन झेलले. तो आकडा पुढं २००७ मध्ये रँडी मॉसनं मोडला, पण त्याला १६ सामने लागले.

हातांची आणखी एक गोष्ट इथंच सांगून मोकळा होतो. २०१५ मध्ये राइसनं स्वतःच सांगितलं की तो हातमोज्यांवर चिकट फवारा मारत असे. हा प्रकार लीगनं १९८१ मध्येच, म्हणजे तो येण्याआधी बंद केला होता. गदारोळ झाल्यावर त्याचं म्हणणं, त्या काळात सगळेच करायचे. मला हे आवडलं नाही. नियम म्हणजे नियम, आणि 'सगळेच करायचे' हे आपल्याकडे ऐकून ऐकून कान किटले आहेत. त्याच्या झेलांवर त्यानं स्वतःच एक डाग पाडून घेतला. माझ्या मताला मात्र त्यानं धक्का लागत नाही. पायांना लावायचा असा फवारा बाजारात नाही.

आता २२ जानेवारी १९८९, मायामी. तेविसावा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, समोर सिनसिनाटी. ३ मिनिटं १० सेकंद उरलेली, फोर्टीनायनर्स १३–१६ नं मागं आणि चेंडू स्वतःच्या आठ यार्डांच्या रेषेवर. ९२ यार्ड जायचं आहे. मोंटानानं छोट्या छोट्या फेकींनी संघ पुढं नेला, त्यात राइसचे तीन झेल, ५१ यार्ड. आता दहा यार्ड उरले. सिनसिनाटीच्या अकराच्या अकरा जणांना ठाऊक की चेंडू राइसकडे जाणार. त्यांचं लक्ष तो जिथं जाईल तिथं, आणि मोंटानानं चेंडू फेकला जॉन टेलरकडे. ३४ सेकंद शिल्लक असताना विजयी टचडाउन टेलरच्या नावावर. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू राइस, ११ झेल आणि २१५ यार्ड. मी ही चित्रफीत कितीदा पाहिली असेल सांगता येत नाही. शेवटच्या खेळीला मी टेलरकडे बघतच नाही. सरांनी बघितलं नसतं.

पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरचा ५५–१० असा धुव्वा, त्यात राइसचे तीन टचडाउन. १९९५ च्या जानेवारीत सॅन डिएगोविरुद्ध पुन्हा तीन, तेही निखळलेल्या खांद्यानिशी. तोवर मोंटाना संघ सोडून गेला होता. त्याच्या जागी स्टीव्ह यंग, डावखुरा. डावखुऱ्याच्या हातून सुटलेला चेंडू उलटा फिरत येतो. रिसीव्हरच्या बोटांना ते सगळं नव्यानं शिकावं लागतं. 'मोंटानानं राइसला घडवलं' असं म्हणणारे अजून भेटतात. राइसनं मोंटानाकडून ५५ टचडाउन झेलले आणि यंगकडून ८५. सप्टेंबर १९९४ मध्ये जिम ब्राउनच्या १२६ टचडाउनचा सर्वकालीन विक्रम त्यानं मागं टाकला. १९९५ मध्ये तेहतिसाव्या वर्षी एका हंगामात १,८४८ यार्ड. तो विक्रम सतरा वर्षं कुणाला हलवता आला नाही.

मी मघाशी भीतीबद्दल बोललो होतो. या खेळात रिसीव्हरनं घाबरायला सबळ कारण आहे. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंडला सरावाच्या सामन्यात न्यू इंग्लंडचा रिसीव्हर डॅरिल स्टिंगली मैदानाच्या मधल्या भागात चेंडूसाठी झेपावला. ओकलंडच्या जॅक टेटमची धडक बसली. स्टिंगलीची मान मोडली, तो सव्वीस वर्षांचा होता आणि उरलेलं आयुष्य, २००७ पर्यंत, चाकाच्या खुर्चीत गेलं. त्या धडकेबद्दल पंचांनी साधी शिट्टीही वाजवली नाही. ते नियमात बसत होतं. राइसचं सगळं वैभव या मधल्या भागातल्या तिरक्या धावेवर उभं आहे. तीन पावलं सरळ आणि मग तिरकं आत, जिथं टेटमसारखे लोक उभे असतात.

पण राइसला भीती होती ती याची नव्हे. २०१० मध्ये कँटन या गावी त्याला फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळालं. त्या वेळच्या भाषणात तो जे बोलला, ते मला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मोठं वाटतं. अपयशाची भीती, आपण कमी पडू ही भीती, हेच आपलं आयुष्यभराचं इंजिन होतं, असं त्यानं सांगितलं. आणि एकच खंत बोलून दाखवली. हे सगळं चालू असताना थांबून त्याचा आनंद कधी घेतलाच नाही. व्यासपीठावर सोनेरी कोट घालून उभा असलेला हा सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. डोळ्यांसमोर मला शाळेबाहेर उपमुख्याध्यापकांना पाहून पळत सुटलेला पोरगा दिसला. तो थांबलाच नव्हता.

भीतीवर चालणारं इंजिन बंद कसं करायचं, हे त्याला कधी कळलं नाही. ३१ ऑगस्ट १९९७, टँपा. वॉरन सॅपनं त्याला मुखवट्याची जाळी धरून खाली ओढलं आणि डाव्या गुडघ्याचे दोन स्नायुबंध फाटले. तोवर बारा हंगामांत दुखापतीपायी त्यानं एकही सामना चुकवला नव्हता. अशा दुखापतीला वर्ष लागतं. हा साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला, परत उतरला. त्या रात्री मोंटानाची जर्सी सन्मानानं निवृत्त करण्याचा समारंभ होता. राइसनं टचडाउन झेलला, जमिनीवर आपटला आणि त्याच गुडघ्याची वाटी तडकली. शौर्य म्हणून ही गोष्ट सांगतात. मला तो वेडेपणा वाटतो. तो परत उतरला कारण घरी बसायची त्याला भीती वाटत होती, असं माझं मत आहे. पुढच्या हंगामात ८२ झेल घेऊन त्यानं माझ्यासारख्यांची तोंडं बंद केली, तो भाग वेगळा.

१७ डिसेंबर २००० चा दिवस मला त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका वाटतो. कँडलस्टिकवर राइसचा निरोपाचा सामना. संघ त्याला सोडणार हे सगळ्यांना ठाऊक. सोळा हंगामांनंतर लोक त्याला बघायला आले होते. आणि त्या दिवशी त्याच्या शेजारचा तरुण रिसीव्हर टेरेल ओवेन्सनं २० झेल घेतले. एका सामन्यातला तेव्हाचा विक्रम. निरोप एकाचा, चेंडू दुसऱ्याकडे. वीस वेळा राइस पळाला असेल, समोरच्या पहारेकऱ्याला आपल्याबरोबर घेऊन गेला असेल, आणि मागं वळून पाहिलं असेल तर चेंडू पलीकडे. लोकांना ते वाईट वाटलं. मला वाटलं, हीच तर त्याची खरी नोकरी.

त्यानंतर खाडी ओलांडून ओकलंड रेडर्स. तिथे टिम ब्राउन हा दुसरा ज्येष्ठ रिसीव्हर जोडीला. २००२ मध्ये, चाळिशी गाठली त्या हंगामात, ९२ झेल, १,२११ यार्ड, आणि नोव्हेंबरात कारकिर्दीतला दोनशेवा टचडाउन. त्या हंगामाअखेरचा सुपर बोल टँपाकडून २१–४८ असा हरले, पण त्यातही ४८ यार्डांचा एक टचडाउन राइसचा. चार वेगवेगळ्या सुपर बोलमध्ये टचडाउन झेलणारा तो पहिला. सप्टेंबर २००४ मध्ये बफेलोविरुद्ध एकही झेल मिळाला नाही. सलग २७४ सामन्यांची मालिका तुटली. त्याच मोसमात तो सिॲटलला गेला. तिथे ८० हा क्रमांक स्टीव्ह लार्जंटच्या सन्मानार्थ राखून ठेवलेला होता. हटसनचा ९९ चा विक्रम मोडणारा लार्जंट तो हाच, आणि लार्जंटचा विक्रम १९९२ मध्ये मोडला होता राइसनं. लार्जंटनं आपला क्रमांक वापरायला दिला. दिला खरा, पण मागितला नसता तर बरं झालं असतं. २००५ मध्ये डेन्व्हरच्या शिबिरात गेला. तिथे त्याची जागा चौथ्या-पाचव्या रिसीव्हरची असणार हे दिसलं, तेव्हा सप्टेंबरात थांबला.

फोर्टीनायनर्सनी ऑगस्ट २००६ मध्ये त्याच्याशी एक दिवसाचा मानाचा करार केला, आपल्या संघातून निवृत्त होता यावं म्हणून. कराराची रक्कम १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. १९८५ साल, ८० हा क्रमांक, ०६ हे निवृत्तीचं वर्ष आणि ४९ म्हणजे संघ. रक्कम नुसती शोभेची, प्रत्यक्षात एक सेंट दिला-घेतला गेला नाही. हिशेब चोख आणि हातात काही नाही.

पण खेळ थांबवणं आणि हा करार यांच्या मधल्या काळात त्यानं जे केलं, ते सांगून मी खाली बसतो. त्या वर्षीच्या जानेवारीत जेरी राइस टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत उतरला. त्रेचाळीस वर्षांचा, दोनदा दुखावलेला डावा गुडघा, चकचकीत कपडे. माझ्या ओळखीतले त्याचे भक्त शरमेनं पार मेले. मी मात्र दर आठवड्याला न चुकता बघितलं. तिथे झेलायला काही नव्हतं. तीन परीक्षक बसलेले आणि सगळा वेळ ते फक्त पावलं बघत होते.

तो दुसरा आला.